कॅन्सर पसरतो कसा, यावर काम करणाऱ्या बाईला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत माझी छोटी प्रयोगशाळा आहे. कॉलेजातली व्याख्यानं, लग्नाच्या पंगती, सोसायटीची लिफ्ट, कुठेही गेलं तरी प्रश्न साधारण तेच येतात. एकदाच नीट लिहून ठेवावं म्हणून हे पान. लोक खरोखर विचारतात तेच प्रश्न घेतले आहेत आणि ते जसे आठवले तसे लिहिले आहेत.

तुम्ही डॉक्टर ना? आईचे रिपोर्ट दाखवू का?

दारावरच्या पाटीवर ‘डॉ.’ आहे, पण तो पीएचडीचा. मी पेशंट तपासत नाही. शेजारच्या काकू रिपोर्टची पिशवी घेऊन येतात तेव्हा मी चहा करते, त्यातले शब्द समजावून सांगते आणि तुमच्या डॉक्टरांना कोणते चार प्रश्न विचारा ते कागदावर लिहून देते. त्यापुढे जात नाही. रिपोर्टमधल्या पेशी मला ओळखू येतात. समोर बसलेलं माणूस, त्याची साखर, त्याचं वय, त्याचं हृदय हे मला कळत नाही.

मग तुम्ही नेमकं करता काय?

कॅन्सरची पहिली गाठ जिथे असते तिथेच राहिली, तर ती बरेचदा काढता येते. कॅन्सरने जे मृत्यू होतात त्यांतले बहुतेक तो पसरल्यामुळे होतात. या पसरण्याला मेटास्टॅसिस म्हणतात. स्तनातली पेशी हाडात, फुप्फुसात, यकृतात किंवा मेंदूत जाऊन घर कशी करते, हा माझ्या कामाचा विषय आहे. त्यातही मी हाडापुरतं बघते.

हे पसरणं पेशीला अजिबात सोपं नसतं. आधी तिला शेजारणींचा हात सोडावा लागतो. हा हात खरोखरच असतो: ई-कॅडहेरिन नावाचं एक प्रथिन पेशींना एकमेकींशी बांधून ठेवतं. मग भोवतालचं जाळं कुरतडत रक्तवाहिनीपर्यंत पोचायचं, भिंतीतून आत शिरायचं आणि रक्ताच्या लोंढ्यात टिकायचं. तिथे रोगप्रतिकारक पेशी टपलेल्या असतात. काही कॅन्सरपेशी अंगाभोवती प्लेटलेट्सची गोधडी ओढून घेतात आणि त्यांच्या नजरेतून सुटतात. पुढे एखाद्या केशवाहिनीत अडकायचं, बाहेर पडायचं आणि परक्या मुलखात तग धरायचा. इझाया फिडलर यांनी १९७० साली उंदरांच्या शिरेत किरणोत्सारी खूण केलेल्या मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, पेशी सोडल्या होत्या. चोवीस तासांनी त्यांतल्या एक टक्काही जिवंत नव्हत्या. ज्या उरल्या, त्यांच्यातल्याही थोड्यांनीच पुढे गाठी केल्या.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी चाळल्या. यकृतात गाठी सापडल्या होत्या २४१ जणींच्या, प्लीहेत फक्त १७ जणींच्या. रक्त तर प्लीहेतही भरपूर जातं. मग हा फरक का? पॅजेटचं म्हणणं असं, की बी सगळीकडे उडतं, रुजतं मात्र मानवेल त्याच मातीत.

हे मला पुस्तकात वाचायच्या आधीपासून कळत होतं. मी बार्शीची. आमच्याकडे रब्बीची ज्वारी असते आणि वडील वाफसा आल्याशिवाय, म्हणजे मातीत पेरणीपुरती ओल आल्याशिवाय, पेरणीची पाभर धरायचे नाहीत. बी कितीही चांगलं असो, वाफसा नसेल तर गेलं. २००५ साली डेव्हिड लायडन यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं, की मूळ गाठ लांबच्या अवयवाकडे आधीच निरोप धाडते. त्या सांगाव्याने अस्थिमज्जेतल्या काही पेशी तिथे जाऊन जागा तयार करतात आणि कॅन्सरच्या पेशी मागाहून येतात. म्हणजे गाठ आपल्या बियांसाठी वाफसासुद्धा स्वतःच करून घेते. हा पेपर मी एमएस्सीला असताना दोनदा वाचला आणि वडिलांना फोन केला. ते म्हणाले, “मग त्यात नवं काय सापडलं?”

आमच्या आत्याला सुई लावली आणि महिन्यात गाठ पसरली. बायोप्सीने कॅन्सर पसरतो ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे. ‘कॅन्सरला लोखंड लावू नये’, ‘वारं लागलं की पसरतो’ अशाही रूपात येतो.

क्रम नीट बघा. आत्याला गाठ लागली, सुईने तुकडा काढला, कॅन्सर निघाला. *त्यानंतर* तो कुठे कुठे गेला आहे हे बघायला स्कॅन झाले आणि यकृतात डाग दिसले. सुई आधी आणि स्कॅन नंतर, म्हणून आळ सुईवर. पण स्कॅनमध्ये दिसण्याएवढी गाठ महिन्याभरात तयार होत नाही. ती आधीपासून होती, फक्त कोणी बघितली नव्हती.

सुईच्या वाटेवर चार पेशी सांडतच नाहीत, असं मात्र मी म्हणणार नाही. काही प्रकारांत, उदाहरणार्थ यकृताच्या गाठीत, सुईच्या मार्गावर गाठ उगवल्याची उदाहरणं आहेत. कमी आहेत, पण आहेत. वृषणाच्या कॅन्सरचा संशय असेल तर अंडकोशातून सुई घालत नाहीत, जांघेतून शस्त्रक्रिया करतात. म्हणजे जिथे खरा धोका आहे तिथे डॉक्टर आधीच वाट बदलतात. बाकी ठिकाणी सांडलेल्या पेशींचं काय होतं ते वर फिडलरच्या प्रयोगात आलंच आहे.

ज्या भीतीने लोक सहा महिने सुई टाळतात, ते सहा महिने कॅन्सरला फुकट मिळतात. माझ्या नात्यातच हे झालं आहे. त्यावर अधिक लिहीत नाही.

कॅन्सरवर औषध कधी निघणार?

कोणत्या कॅन्सरवर? हा उलटा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो, पण दुसरं उत्तर नाही. आणि पसरण्याच्या अभ्यासातून जे हाती लागतं ते नेहमी ‘औषध’ या नावाने येत नाही. तीन उदाहरणं देते.

पहिलं हाडाचं. स्तनाच्या कॅन्सरपेशी हाडात पोचल्या की एक संदेश सोडतात. तो ऐकून हाड बांधणाऱ्या पेशी हाड खाणाऱ्या पेशींना उठवतात. हाड झिजतं आणि त्यात साठलेले वाढीचे घटक मोकळे होतात. ते खाऊन कॅन्सरपेशी आणखी माजतात आणि आणखी संदेश सोडतात. हे रहाटगाडगं समजलं म्हणून ते कुठे अडवायचं तेही समजलं. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड आणि डेनोसुमॅब ही औषधं हाड खाणाऱ्या पेशींना आवरतात. त्यांनी कॅन्सर बरा होत नाही, पण मोडणारी हाडं वाचतात. ज्यांच्या घरी मांडीचं हाड नुसत्या कूस बदलण्याने मोडलेलं आहे, त्यांना याची किंमत विचारा.

दुसरं तोंडाच्या कॅन्सरचं. आपल्याकडे तंबाखू, गुटखा आणि गावाकडच्या बायकांची मिश्री यांच्यामुळे हा कॅन्सर घरोघरी माहीत आहे. तो आधी मानेतल्या लसीकाग्रंथींत उतरतो. गाठ लहान असताना, मानेत काहीच हाताला लागत नसताना, त्या ग्रंथी आधीच काढाव्यात की दिसल्यावर काढाव्यात, यावर अनेक वर्षं वाद होता. मुंबईच्या टाटा मेमोरियलने चाचणी घेऊन तो २०१५ साली मिटवला. आधीच ग्रंथी काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात होते, वाट बघितलेल्या गटात ६७.५ टक्के. नवीन औषध नाही, नवीन यंत्र नाही. फक्त कधी कापायचं, याचं उत्तर.

तिसरंही टाटाचंच. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाची गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिडोकेन टोचलं. हेच बधिरीकरणाचं साधं औषध दाताचे डॉक्टरही वापरतात. १,५८३ बायकांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली छापून आले: पाच वर्षांनी हयात ९०.१ टक्के, आणि ज्यांना ते टोचलं नव्हतं त्यांच्यात ८६.४ टक्के. यामागचा तर्क आमच्या शाखेतला आहे. पेशीच्या कातडीवरचे सोडियमचे दरवाजे तिला सरकायला मदत करतात आणि लिडोकेन तेच बंद करतं. शस्त्रक्रियेच्या हिसक्यात पेशी सुटून निघायच्या, त्याच क्षणी त्यांचे पाय बांधायचे. बाटलीची किंमत इतकी कमी, की कोणत्याही कंपनीला या चाचणीत रस वाटण्याचं कारण नव्हतं. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतलं आपल्याकडचं हे सगळ्यात देखणं काम आहे. असं काम बातम्यांत दोन दिवस टिकतं.

कॅन्सर संसर्गाने पसरतो का? एकाच ताटात जेवलं तर?

नाही. जेवा. काही कॅन्सरांमागे विषाणू असतात, जसा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही. तो विषाणू माणसाकडून माणसाकडे जातो. कॅन्सर जात नाही. आणि पेशंटचं ताट वेगळं काढणाऱ्या घरात मी पाणीही पीत नाही.

मग रोज त्या पेशी हाताळून तुम्हाला काही होत नाही?

दुसऱ्याच्या पेशी माझं शरीर परक्या म्हणून ओळखतं आणि मारतं. अपवाद अगदी थोडे नोंदलेले आहेत. १९८६ साली छापलेल्या एका नोंदीत, आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी असलेली सुई प्रयोगशाळेतल्या मुलीच्या हाताला टोचली आणि तिथे गाठ आली, ती काढावी लागली. म्हणून हातमोजे, एप्रन आणि हूडमध्ये (गाळलेली हवा खेळवणाऱ्या काचेच्या कपाटात) काम, यात सूट नाही. खरं सांगायचं तर मला पेशींपेक्षा डीएनए दिसावा म्हणून जेलीत घालायच्या रंगांची आणि द्रवरूप नायट्रोजनची जास्त भीती वाटते. उणे १९६ अंशांचा तो टाका उघडताना घाई करणाऱ्या मुलांना मी अजूनही ओरडते.

बारावी सायन्स झाली, नीटला मार्क कमी पडले. या क्षेत्रात यायचं तर?

नीट हुकली म्हणून येणार असाल तर वर्षभर थांबून विचार करा. इथे ‘मेडिकलच्या जवळचं काहीतरी’ समजून आलेली मुलं दुसऱ्या वर्षी पेशंट शोधत बसतात आणि इथे पेशंट नसतो. पेशी का हलते, या प्रश्नाची खाज असेल तर रस्ते पुष्कळ आहेत.

बीएस्सी कोणत्याही जीवशास्त्रीय विषयात, किंवा बायोटेक. मग एमएस्सी. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांचा पाच वर्षांचा बीएस-एमएस हाही रस्ता आहे. पुण्याची आयसर पाषाणला आहे, २००६ पासून. त्यानंतर पीएचडीसाठी परीक्षा: सीएसआयआर-यूजीसी नेट, डीबीटीची बीईटी, आयसीएमआरची जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप), गेट. नेटला खुल्या वर्गासाठी एमएस्सीत ५५ टक्के लागतात. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली असेल तर एमएस्सी न करताही पीएचडीला अर्ज करता येतो. करता येतो म्हणजे करावा असं नाही. ती दोन वर्षं हात बसायला फार उपयोगी पडतात.

पुण्याचा एक फायदा सांगते, जो इथल्या मुलांना कळत नाही आणि बाहेरून आलेल्यांना लगेच कळतो. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. १९८६ साली पेशी साठवून देशभर पुरवण्याची सोय म्हणून ते सुरू झालं. आघारकर संशोधन संस्था १९४६ची. एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयसर, विद्यापीठाचे विभाग, सगळं अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात, म्हणजे चांदणी चौकात अडकला नाहीत तर. इथे गुरुवारी एका संस्थेतलं व्याख्यान, शुक्रवारी दुसरीतलं, असं फुकट शिक्षण मिळतं. पदवीच्या मुलांनी मागच्या रांगेत बसायला कोणी मनाई करत नाही. मी तशीच बसायचे. पहिली दहा व्याख्यानं डोक्यावरून गेली, अकराव्यात एक आकृती ओळखीची निघाली.

मी मराठी माध्यमातला. जमेल का?

माझं दहावीपर्यंतचं सगळं मराठीत. एमएस्सीच्या पहिल्या आठवड्यात सीनियर म्हणाली, “उद्या सकाळी येऊन पेशींचा पॅसेज कर.” पॅसेज म्हणजे मला इंग्रजीच्या पेपरातला उतारा माहीत होता, त्याखाली पाच प्रश्न असतात. मी रात्रभर विचार करत होते, की पेशींवरचा कोणता उतारा? फ्लास्क पेशींनी भरला की त्या सोडवून नव्या फ्लास्कमध्ये थोड्या-थोड्या वाटतात, त्याला पॅसेज म्हणतात, हे दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्या भाषेत सांगायचं तर रोपं दाट झाली की विरळणी करून दुसऱ्या वाफ्यात लावायची.

इंग्रजी वाचणं चार-सहा महिन्यांत जमतं, कारण शोधनिबंधांची भाषा ठरावीक असते. बोलायला दोन वर्षं लागली. आजही परिषदेत प्रश्न विचारताना मी तो आधी वहीत लिहिते. माझ्या प्रयोगशाळेत चर्चा मराठी, हिंदी, इंग्रजी अशी मिसळीसारखी चालते. गटात एक मल्याळी मुलगा आहे, तो आता ‘अरे देवा’ म्हणतो. मुलाखतीत मात्र एक लक्षात ठेवा. येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणा. पाठ केलेलं इंग्रजी उत्तर समोरच्याला दुसऱ्या वाक्यात कळतं.

पैसे किती मिळतात?

जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलोशिप, ४२,०००. घरभाडं त्यावर वेगळं. पीएचडीनंतर रिसर्च असोसिएट म्हणून ५८,००० पासून पुढे.

आकडे बरे दिसतात. अडचण अशी, की ते दर महिन्याला येतीलच असं नाही. चार-पाच महिने फेलोशिप अडकली आणि मग एकदम आली, हे माझ्या पिढीत झालं आणि आजच्या मुलांतही ऐकते. त्या काळात मी औंधला तिघींत एक खोली घेऊन राहत होते. डबा लावलेल्या काकूंनी तीन महिने पैशांचं नाव काढलं नाही. माझ्या प्रबंधाच्या आभारांत गाइडनंतर त्यांचं नाव आहे. घरी कोणी तुमच्या पगारावर अवलंबून असेल, तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय पीएचडीला बसू नका, हा माझा रोकडा सल्ला.

पीएचडीला किती वर्षं लागतात? आणि गाइड कसा निवडायचा?

नियमाने कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा. बायकांना दोन वर्षं जादा मिळू शकतात. प्रत्यक्षात या विषयात पाच-सहा धरून चाला. उंदरांचा एक प्रयोग सुरुवातीच्या परवानगीपासून शेवटच्या आकड्यापर्यंत वर्ष खातो.

गाइडबद्दल: लोक संस्थेचं नाव बघतात, मी म्हणते माणूस बघा. आणि माणसाबद्दल त्याला विचारू नका, त्याच्या विद्यार्थ्यांना विचारा. तेही ऑफिसात नको, टपरीवर विचारा. तीन गोष्टी विचारा. मागचा विद्यार्थी किती वर्षांत सुटला? प्रयोग फसला की सर किंवा मॅडम काय म्हणतात? दिवाळीला घरी जाता का? तिसऱ्या प्रश्नावर मुलं हसून एकमेकांकडे बघायला लागली तर चहाचे पैसे द्या आणि दुसरी प्रयोगशाळा शोधा.

दिवस कसा जातो?

इन्क्युबेटर ३७ अंशांवर, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडवर. त्यातल्या पेशींना रविवार नसतो. दोन-तीन दिवसांनी मीडिया बदलावा लागतो, म्हणजे त्यांचं लालसर पाणी काढून ताजं घालायचं. सकाळी आल्याआल्या सूक्ष्मदर्शकाखाली फ्लास्क बघायचे, तब्येत विचारल्यासारखं. एमसीएफ-७ नावाच्या पेशी फरसबंदीसारख्या चिकटून, घोळक्याने राहतात. एमडीए-एमबी-२३१ लांबट, सुट्या, कुठेतरी निघाल्यासारख्या दिसतात. दोन्ही स्तनाच्या कॅन्सरच्या आणि दोन्ही फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातून काढलेल्या, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, दोन वेगवेगळ्या बायकांच्या. त्या दोघी कधीच गेल्या. त्यांच्या पेशी आज सकाळी माझ्याकडे जेवल्या.

अनंत चतुर्दशीला रस्ते बंद असतात, तेव्हा आदल्या रात्रीच ठरवायचं कोण पायी येऊ शकतो. आमच्याकडे तो मान होस्टेलवाल्यांचा.

प्रयोग किती वेळा फसतात?

मोजत नाही. पण एक फसणं सांगते, कारण त्यात चूक माझी होती.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या पेशी हळू सरकायला लागल्या. आठ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांची जाळी असते. वर पेशी ठेवायच्या, खाली त्यांना आवडेल असा खाऊ ठेवायचा आणि किती जणी छिद्रातून उतरल्या ते मोजायचं. माझं औषध घातल्यावर कमी उतरत होत्या. मी खूश. सहा महिने मी तो आलेख रंगवत होते. मग गाइड म्हणाल्या, मायकोप्लाझ्मा तपासलास का? मायकोप्लाझ्मा हा इतका बारीक जिवाणू, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही आणि मीडिया गढूळही होत नाही. पेशी फक्त आजारी पडतात. तपासलं, निघाला. माझं औषध काही करत नव्हतं. औषध घातलेले फ्लास्क आजारी होते. सगळं ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत जंतू मारून, फेकलं आणि त्या रात्री विद्यापीठाच्या फाटकापासून खोलीपर्यंत चालत गेले. आता आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासणी असते. ती चुकवणाऱ्याने सगळ्यांना अमृततुल्यचा चहा पाजायचा.

माझी चूक लहानच म्हणायची. एमडीए-एमबी-४३५ नावाच्या पेशी जगभरात अनेक वर्षं स्तनाच्या कॅन्सरच्या म्हणून वापरल्या गेल्या, पसरण्याच्या अभ्यासात तर फारच. २००० साली शंका आली. पुढे सिद्ध झालं, की त्या मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरच्या आहेत. त्यावर किती जणांच्या पीएचडी झाल्या असतील!

उंदीर मारावे लागतात का?

हो. शाकाहारी घरातून आलेली मुलं हे मुलाखतीत विचारत नाहीत आणि सहा महिन्यांनी रडतात, म्हणून मी स्वतःच सांगते. प्रत्येक प्रयोगाला नैतिकता समितीची परवानगी लागते. किती उंदीर, का, आणि वेदना कशी कमी ठेवणार हे लिहून द्यावं लागतं. मला ते कधी सवयीचं झालं नाही. नको असेल तर झीब्राफिश हे छोटे मासे, चिपवर वाढवलेल्या पेशी किंवा संगणक यांच्यावर काम करणारे गट आहेत. तसं सांगून निवडा.

कोडिंग यायला हवं का?

आता हो. एकेका पेशीतली हजारो जनुकं वाचता येतात आणि तो ढीग एक्सेलमध्ये मावत नाही. आर किंवा पायथन, या संगणकभाषांपैकी एक शिका.

परदेशात जावंच लागतं का?

नियम नाही, पण निवड समित्या बघतात. मी तीन वर्षं बाहेर होते. तिथे जास्त हुशार माणसं भेटली असं काही नाही. तिथे मागवलेली प्रतिपिंडं (प्रयोगाला लागणाऱ्या अँटिबॉडीज) दुसऱ्या दिवशी टेबलावर येत, इथे सहा आठवडे लागतात. सहा आठवडे वाट बघायची म्हटलं की माणूस प्रयोग आधी कागदावर नीट आखतो, हा इथला फायदा म्हणायचा का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलीचं लग्नाचं वय निघून जाईल, असं घरचे म्हणतात.

त्यांना कमल रणदिवे यांच्याबद्दल सांगा. १९१७ साली पुण्यात जन्म, हुजूरपागा, फर्ग्युसन. लग्न १९३९ साली, पीएचडी १९४९ साली. हेला पेशी (प्रयोगशाळेत कायम वाढत राहिलेल्या माणसाच्या पहिल्या पेशी) वाढवणारे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत बाल्टिमोरला काम, मग परत येऊन मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पुढे त्याच केंद्राच्या संचालक आणि १९८२ साली पद्मभूषण. आम्ही आज फ्लास्कमध्ये जे करतो त्याची सुरुवात हुजूरपागेतल्या या मुलीने केली आहे.

माझं लग्न पीएचडीच्या चौथ्या वर्षी झालं. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात विचारलं, “रविवारी कुठे निघालीस?” म्हटलं, पेशींना जेवण द्यायला. आता त्याच शेजारणींना सांगतात, तिच्या पेशी उपाशी राहतात हो.

शेवटी प्राध्यापक नाही होता आलं तर?

बहुतेकांना होता येत नाही; जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर. माझ्या बॅचमधली एक औषध कंपनीत आहे, एक पेटंट बघते, एक हिंजवडीत जनुकीय तपासण्यांचे अहवाल तयार करते, एकाने नाशिकला द्राक्षं लावली. द्राक्षवाला सगळ्यात निवांत दिसतो. पीएचडी वाया गेली असं तो म्हणत नाही, फवारणीच्या नोंदी मात्र प्रयोगवहीसारख्या ठेवतो.

तुमची प्रयोगशाळा बघायला येता येईल का?

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, पुण्यातल्या बऱ्याच संस्था दारं उघडतात. तेव्हा या. एरवी यायचं तर आधी लिहून विचारा आणि तीननंतरची वेळ मागा, सकाळी आमचे हात हूडमध्ये असतात.

त्या दिवशी सूक्ष्मदर्शकापाशी मुलांची रांग लागते. डोळा लावला की पहिला प्रश्न ठरलेला: “या हलत का नाहीत?” हलतात, पण तासाला दहा-वीस मायक्रॉन. केसाच्या जाडीएवढं अंतर जायला काही तास लागतात. मग मी फोन काढते आणि रात्रभर दर दहा मिनिटांनी काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ दाखवते. त्यात एक लांबट पेशी घोळक्यातून सुटते, जाळीपाशी जाते, मागे येते, पुन्हा जाते. गेल्या वर्षी पाचवीतल्या एका मुलाने तो तीनदा बघितला आणि म्हणाला, “ती काहीतरी शोधतेय. काय शोधतेय?” त्याच्या आईने त्याला पुढे ढकललं, मागे रांग होती. मी त्याला म्हटलं, दुपारी परत ये. तो आला.